चक्रीवादळानंतरची बाग: किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेचं प्रकरण

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची ही एक लहान नगरपरिषद. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी तिथे उद्यान पर्यवेक्षक होते, कंत्राटी नेमणुकीवर. हाताखाली चार माळी, त्यातले एक निवृत्तीला टेकलेले. त्यांना सगळे काका म्हणायचे, मीही.

बाग सव्वादोन एकरांची. पश्चिमेला चालत दहा मिनिटांवर समुद्र, पूर्वेच्या भिंतीपलीकडे शाळा. जमीन वरून चांगली दिसते, पण दीड-दोन फूट माती संपली की जांभा दगड लागतो. पहार मारली की ठण्ण वाजते. साठच्या दशकात बाग झाली तेव्हा लवकर सावली हवी होती, म्हणून वर्षावृक्ष, गुलमोहर आणि सोनमोहर लावले गेले. तिन्ही झाडं परदेशातून आलेली, झपाट्याने वाढणारी. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं पसरट. वर्षावृक्षाचा घेर एवढा पसरतो की एकेक फांदी म्हणजे स्वतंत्र झाडच. या सावलीत गावाच्या दोन पिढ्या खेळल्या आहेत, त्यामुळे लावणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

वादळाच्या तीन वर्षं आधी बागेचं सुशोभीकरण झालं. चालण्यासाठी पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आला. पावसाचं पाणी काढायला पूर्वेच्या भिंतीलगत काँक्रीटचं गटार आलं. झाडांना सिमेंटचे गोल पार आले. ट्रॅक आणि गटार यांच्यामध्ये जेमतेम सहा फुटांची पट्टी उरली, आणि बागेतली सगळ्यात मोठ्या झाडांची रांग नेमकी त्या पट्टीत आली.

नोंदवहीत ११८ झाडं होती. नागरी भागातल्या झाडांसाठीच्या महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते, तीही झालेली होती. जात, बुंध्याचा घेर, उंची असे रकाने भरलेले. झाडाची तब्येत लिहायला मात्र तक्त्यात रकानाच नव्हता.

३ जून २०२०

निसर्ग चक्रीवादळ ३ जूनला दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत त्याहून जास्त. आदल्या रात्रीपासून पाऊस होता, म्हणजे जमीन आधीच भिजून मऊ झालेली. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एरवी पावसाळ्यात आमच्याकडे ताशी ६० किलोमीटरचा वारा आला तरी झाडं तो झेलतात. वेग दुप्पट झाला की झाडावरचा रेटा चौपट होतो. शिवाय चक्रीवादळाचा वारा एका दिशेने येऊन थांबत नाही, तो फिरतो. एका बाजूने हलवून सैल केलेलं झाड मग दुसऱ्या बाजूने उपटलं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून आत जाता येत नव्हतं. भिंत पाडून गेलो. मोजदाद अशी झाली: ३१ झाडं मुळासकट आडवी, १४ झाडांचे बुंधे किंवा मुख्य फांद्या मोडलेल्या, ७३ उभी. उपटलेल्या ३१ पैकी २० मोठी, ११ गेल्या काही वर्षांत लावलेली कोवळी. कुणाला इजा झाली नाही. लॉकडाउनमुळे बाग बंद होती आणि शाळाही बंद होती, म्हणूनच.

मदतीला माणसं नव्हती. मजूर आपापल्या गावी गेलेले. वीज नाही, म्हणून पंपावर पेट्रोल मिळेना, आणि पेट्रोल नाही म्हणून वखारीतून मागून आणलेली यांत्रिक करवत दोन तासांत बंद पडली.

पडलेल्या झाडांनी काय दाखवलं

तिसऱ्या दिवशी काका मला एका गुलमोहरापाशी घेऊन गेले. झाड ट्रॅकवर आडवं पडलेलं आणि मुळांची थाळी उभी, माझ्या डोक्याच्या वर. मोठ्या झाडाची मुळं खोल जातात अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक झाडांचा मुळांचा पसारा वरच्या दोन-तीन फुटांतच असतो, आणि आमच्याकडे तर खाली जांभा. ती थाळी पिठल्याच्या वडीसारखी सपाट होती. खालच्या बाजूला मुळं जांभ्यावर घासून गुळगुळीत झालेली. गटाराच्या बाजूला मांडीएवढी दोन मुळं एका सरळ रेषेत कापलेली, जशी पट्टी लावून कापावीत तशी. कापलेली टोकं काळी, आणि काकांनी कोयत्याचं टोक खुपसलं तर ते तीन इंच आत गेलं. ट्रॅकच्या बाजूला बारीक मुळांना अजून दोन पेव्हर ब्लॉक चिकटून होते.

«हे झाड परवा नाही पडलं,» काका म्हणाले, «गटार खणलं त्या दिवशीच पडलं. आपल्याला दिसलं परवा.»

मग आम्ही प्रत्येक उपटलेलं झाड बघत फिरलो. २० मोठ्या झाडांपैकी १४ त्या सहा फुटांच्या पट्टीतली होती. बागेच्या मधल्या मोकळ्या भागातले करंज, बकुळ, दोन जुने आंबे आणि उत्तरेच्या कोपऱ्यातली उंडी, सगळे उभे. पाला झडलेला, डहाळ्या मोडलेल्या, पण उभे. जातीचा फरक आहेच, पण एवढा मोठा फरक नुसत्या जातीने पडत नाही. मधल्या भागातले तीन गुलमोहरही उभेच होते.

नेमका प्रश्न

आठवडाभरात गावात एकच सूर लागला: आता मोठी झाडं नकोत. बागेला लागून शाळा, झाड वर्गावर पडलं असतं तर? हा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला टाळाटाळ करणारं उत्तर देऊन चाललं नसतं. दुसरीकडे, उरलेल्या ७३ झाडांपैकी कोणतं झाड धोक्याचं आहे हे सांगणारी एक ओळही आमच्या दप्तरी नव्हती. पाऊस तोंडावर आलेला. मुख्याधिकाऱ्यांना दहा दिवसांत निर्णय हवा होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बैठकीत दोन नगरसेवकांनी मांडला: तीस फुटांहून उंच झाडं सगळी काढायची, हिरवळ करायची, शोभेचे पाम लावायचे. खर्च कमी, देखभाल सोपी.

दुसरा पर्याय एका ठेकेदाराचा. उभी असलेली सगळी मोठी झाडं पंधरा फुटांवर बोडकी करून देतो, मजुरी शून्य, लाकूड माझं. नगरपरिषदेच्या तिजोरीची अवस्था बघता हा प्रस्ताव अनेकांना पटला.

तिसरा पर्याय माझा होता. प्रत्येक झाड तपासायचं, पत्र्याचा क्रमांक लावायचा, तीन गट करायचे: हात लावू नये असं, छाटणी हवी असं, काढावं लागेल असं. याला किमान तीन आठवडे लागणार होते आणि तोवर बाग बंद ठेवावी लागणार होती.

दुसऱ्या पर्यायाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी मे महिन्यात गावोगावी हेच होतं. झाडाचा शेंडा आणि मुख्य फांद्या सरसकट उडवल्या की झाडाचं अन्न तयार करणारा पाला जातो. जिवावर बेतल्यासारखं झाड कापलेल्या टोकाखालून शेकडो फुटवे काढतं. हे फुटवे सालीजवळून निघतात, मूळ फांदीसारखे लाकडात खोल रुजलेले नसतात. वर रुंद उघड्या जखमेतून पाणी आणि बुरशी आत जाते. दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा तेवढंच उंच, पण कुजक्या टोकांवर कमकुवत फांद्यांचा भार घेऊन उभं. जखमेवर डांबर फासल्यानेही आतलं कुजणं थांबत नाही. झाड स्वतःच कुजलेल्या भागाभोवती भिंत बांधतं, आणि ते त्याला जमावं म्हणून फांदी बुंध्याशी जिथे फुगलेली असते, त्या कंगोऱ्याला न दुखावता कापायची असते. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे ती साल ओरबाडत खाली येत नाही. काकांना हे सगळं माहीत होतं. त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

काय ठरलं, काय केलं

पहिला निर्णय आमच्या हातून निसटला. वादळानंतर चौथ्या दिवशी रस्ता मोकळा करणारा जेसीबी बागेत शिरला आणि पडलेली झाडं ओढायला लागला. कोवळ्या ११ झाडांपैकी पाच अशी गेली. उरलेली सहा आम्ही वाचवली: मुळांवर ओली गोणपाटं टाकली, फाटलेली मुळं साफ कापली, झाडं सरळ करून मातीत बसवली, तीन बाजूंनी काथ्याने ताणून धरली. त्यातली चार जगली, तीन बकुळ आणि एक ताम्हण. ती पाचही वाचली असती असं मी म्हणत नाही, पण त्यांना संधीच मिळाली नाही.

दुसरा निर्णय सर्वसाधारण सभेत झाला आणि तो तडजोडीचा होता. बागेच्या बाकीच्या भागासाठी तपासणीचा पर्याय मान्य झाला. मात्र शाळेच्या भिंतीलगतच्या पट्टीत जी १२ झाडं उभी राहिली होती, ती ठेकेदाराला बोडकी करायला दिली. या झाडांची मुळं तुटलेली होती हे खरं, त्यांचा भार कमी करायलाच हवा होता. मी फांद्यांचा घेर सर्व बाजूंनी एक चतुर्थांश कमी करा असं सुचवलं होतं. सभेत मी ते एकदाच म्हणाले आणि गप्प बसले. शाळेचा विषय निघाल्यावर सभागृहाचा आवाज चढला होता.

तपासणीला साधनं साधीच होती. काका लाकडी हातोडीने बुंधा वाजवायचे, आवाज बदलला की खडूने खूण करायचे. मी बुंध्याभोवतीची माती बघायचे: एका बाजूला फट पडली आहे का, माती वर उचलली आहे का. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद बेचक्यात भिडल्या असतील आणि मध्ये साल दबली असेल तर ती जागा फाटते, म्हणून दुर्बिणीने बेचकी बघायचो. ६१ झाडांना तीन आठवड्यांऐवजी पाच लागले. त्यात ३८ झाडांना हात लावायची गरज नव्हती, १७ ची विरळणी केली, म्हणजे मोजक्या फांद्या काढून घेर हलका केला, आणि सहा काढण्याच्या यादीत आली.

तिसरा निर्णय सिमेंटच्या पारांचा. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. त्या आदेशाची प्रत मी प्रस्तावाला जोडली, आणि पार फोडायला विरोध झाला नाही. पार फुटले तेव्हा तीन झाडांच्या बुंध्याची साल आत सडलेली निघाली. फांद्यांचा भुगा करून मोकळ्या झालेल्या मातीवर पसरला.

मोठा वर्षावृक्ष

सहावं झाड काढायचं की ठेवायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. झोपाळ्यांवर सावली धरणारा हा वर्षावृक्ष म्हणजे बागेची ओळख होती. संध्याकाळी त्याच्याखाली ज्येष्ठांचा कट्टा भरायचा. वादळात त्याचं काहीच बिघडलं नाही. पण बुंध्याच्या दक्षिण बाजूला, जमिनीलगत, तपकिरी लाकडासारखी कठीण, पांढऱ्या कडेची बुरशी उगवलेली होती. गॅनोडर्मा. ही बुरशी बाहेर दिसते तेव्हा आतलं लाकूड बरंच गेलेलं असतं. काकांनी तिथे हातोडी मारली. वरच्या बाजूला टणक आवाज, खाली येत गेलं की घागरीसारखा.

मी काढण्याच्या यादीत नाव लिहिलं. ज्येष्ठांचं शिष्टमंडळ आलं. एवढं वादळ झेललेलं झाड तुम्ही काढता, हा त्यांचा प्रश्न होता आणि मलाही तो टोचत होता. तेव्हा बांधकाम विभागातले अभियंता म्हणाले, झाड जागेवरून हलत नाही, झोपाळे हलतात. पुढचा तासभर आम्ही त्याच एका वाक्यावर बोललो. धोका म्हणजे नुसतं कमकुवत झाड नव्हे, त्याच्याखाली कोण आणि किती वेळ असतं हेही त्यातच येतं. झोपाळे आणि घसरगुंडी उत्तरेच्या मोकळ्या जागेत हलवली, कट्टा करंजाखाली गेला, वर्षावृक्षाच्या घेराखाली गुडघाभर झुडपं लावून माणसांची वाट बंद केली. घेर हलका केला. दर सहा महिन्यांनी तपासायचं ठरलं.

परिणाम

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेला गेलं आणि त्याच रात्री गुजरातेत जमिनीवर चढलं. आमच्याकडे वारा निसर्गपेक्षा कमी होता आणि जमीन उन्हाळ्याची कोरडी, त्यामुळे दोन्ही वादळांचे आकडे शेजारी ठेवून आमची पाठ थोपटणं बरोबर नाही. तरी जे दिसलं ते असं: दोन झाडं उपटली, नऊ झाडांच्या फांद्या मोडल्या. त्या नऊपैकी सहा झाडं शाळेलगतच्या बोडक्या केलेल्या रांगेतली. अकरा महिन्यांत फुटवे मनगटाएवढे जाड झाले होते, ते सालीसकट सोलवटून निघाले आणि शाळेचे पत्रे फुटले. शाळा अजूनही बंद होती. विरळणी केलेल्या १७ पैकी एकाची फांदी मोडली.

उपटलेल्या दोनपैकी एक सोनमोहर माझ्या मनातून जात नाही. निरोगी, आवाज टणक, मुळं शाबूत. ‘हात लावू नये’ या गटात मीच लिहिला होता. मी झाड बघितलं, त्याचा शेजार बघितला नाही. निसर्गमध्ये त्याच्या पश्चिमेची चार झाडं गेली होती. तोवर ते घोळक्यात वाढलं होतं, वारा कधी थेट अंगावर घेतलाच नव्हता. शेजार गेल्यावर ते एकाएकी काठावर आलं. अशा झाडाचा घेर पहिल्याच पावसाळ्याआधी थोडा कमी करायला हवा होता.

वर्षावृक्षाची एक फांदी त्या रात्री पडली. जिथे पूर्वी झोपाळे होते, तिथे.

पुढच्या वर्षभरात बुरशी बुंध्याच्या निम्म्या परिघाला वळसा घालून गेली. मार्च २०२२ मध्ये झाड काढायचं ठरलं. दरम्यान २०२१ च्या दुरुस्तीने झाडांच्या त्याच १९७५ च्या कायद्यात ५० वर्षं वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं होतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावणं बंधनकारक झालं होतं. झाडावर नोटीस लावली, हरकती मागवल्या. ज्येष्ठांनी हरकत घेतली नाही. त्यातले दोघं तोडणीच्या दिवशी सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते. बुंधा कापल्यावर दक्षिणेला चांगलं लाकूड फक्त चार इंच उरलेलं निघालं, आत हात कोपरापर्यंत जात होता. एका आजोबांनी आत हात घालून बघितलं आणि भुगा मुठीत घेऊन बराच वेळ उभे राहिले.

बागेच्या नोंदीवरून झाडाचं वय ५६ धरलं. ५६ रोपं बागेत मावेनात, म्हणून बरीचशी खाडीच्या रस्त्याला लावली: उंडी, करंज, भेंड, बकुळ, ताम्हण. पुढच्या उन्हाळ्याअखेर ३८ जिवंत होती. बाकीची बहुतेक एप्रिलमध्ये टँकर दोन आठवडे न आल्याने गेली.

आज वेगळं काय करेन

सर्वसाधारण सभेत गप्प बसणार नाही. बोडकं केलेल्या झाडाचे दुसऱ्या वर्षीचे फोटो तेव्हा माझ्याकडे होते, शेजारच्या रस्त्यावरचेच. ते दाखवले असते तर फरक पडला असता असं मला वाटतं. भीती वाटणाऱ्या माणसाला तंत्र ऐकायचं नसतं, त्याला समोर काहीतरी बघायचं असतं.

वादळाआधीच जेसीबीवाल्याशी बोलून ठेवेन. बुंधा हातात मावेल एवढं पडलेलं झाड ओढायचं नाही, एवढी एक सूचना पुरली असती.

रोपं घेताना पिशवी फाडून बघेन. पहिल्या खेपेला रोपवाटिकेतून उंच, डेरेदार रोपं आली म्हणून आम्ही खूश झालो. पिशवीत फार दिवस राहिल्याने त्यांची मुळं तळाशी गोल गोल फिरलेली होती. अशी मुळं जमिनीत गेल्यावरही फिरतच राहतात आणि पुढे झाडाला धरून ठेवत नाहीत. आता आम्ही हातभर उंचीचं रोप घेतो, फिरलेली मुळं कापतो, खड्डा खोल करण्याऐवजी रुंद करतो. आधाराची काठी कमरेखाली आणि सैल बांधतो, वर्षाने काढतो. खोड वाऱ्यात डोललं तर जास्त जाड होतं.

आणि मुळांच्या थाळ्यांचे फोटो काढेन, सगळ्यांचे, लाकूड उचलून नेण्याआधी. माझ्या फोनमध्ये नऊच होते. त्या नऊ फोटोंवर २०२३ मध्ये एक गोष्ट झाली. शाळेमागचं गटार नव्याने बांधायचं निघालं, तेव्हा अभियंत्यांनी टेंडर काढण्याआधी मला बोलावलं. झाडाच्या मुळांसाठी बुंध्याच्या घेराच्या जवळपास चौपट अंतर मोकळं ठेवावं असा जगभर वापरला जाणारा ढोबळ हिशेब आहे. दोन मीटर घेराच्या झाडाला आठ मीटर. एवढी जागा तिथे नव्हतीच. तीन बैठका झाल्या, फोटो टेबलावर फिरले, आणि कामाच्या अटींमध्ये एक कलम आलं: बुंध्याच्या घेराच्या दुप्पट अंतरात यंत्राने खणू नये, हाताने खणावं, आणि दोन इंचांहून जाड मूळ लागल्यास उद्यान विभागाला दाखवल्याशिवाय कापू नये.

त्या पावसाळ्याआधी काम चालू असताना मुकादमाने मला चार वेळा बोलावलं. तीन मुळांखालून त्यांनी पाइप ओवून नेला. चौथं कापावं लागलं, ते करवतीने स्वच्छ कापलं, आणि त्या करंजाच्या पानावर नोंदवहीत तारीख, बाजू आणि मुळाची जाडी लिहिली.